झीगन आणि झिंगन

वन्सं, परवा शेवगावच्या कुसुमबाई येऊन गेल्या आणि तेव्हापासून मला तुमच्याशी भांडायचं आहे. कशावरून भांडायचं ते मात्र ठरत नाहीये. सकाळी वाटतं, तुमच्यावरच रागवावं. दुपारी वाटतं, चूक कुसुमबाईंची, त्यांनी वेळेवर तोंड उघडायला हवं होतं. संध्याकाळपर्यंत मुळात चूक होती तरी का, इथेच गाडी अडते. यांना सगळं सांगितलं तर हे म्हणाले, "आता त्याचं काय करणार आहेस?" तुमचेच भाऊ ते. प्रश्न नेमका विचारतात आणि उत्तरासाठी थांबत नाहीत.

तुम्हाला जाऊन महिना होत आला. भेटायला येणारे तुमच्याविषयी इतकं गुळगुळीत बोलतात की मला शंका येते, आपण एकाच बाईविषयी बोलतोय ना. "किती शांत स्वभाव होता," असं कोपऱ्यावरच्या काकू म्हणाल्या. त्यांच्याच नातवाला तुम्ही फाटकात उभं करून 'म्युनिक नाही, म्युन्शन' असं घोकायला लावलं होतंत आणि तुमचा आवाज ऐकून जाणारा रिक्षावाला थांबला होता. काकू ते विसरल्या की आता आठवायचं नाही असं त्यांनी ठरवलंय, कळत नाही. मी मान हलवली. शांत तर शांत.

पुण्याच्या कॉलेजातून निवृत्त होऊन तुम्ही सावेडीला आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आलात, तेव्हा खरं तर मी धास्तावले होते. लग्न न केलेली, जन्मभर जर्मन शिकवलेली मोठी नणंद. मी तिसगावच्या शाळामास्तरांची मुलगी, स्वतःही शाळेत मराठीच शिकवलेलं. पहिल्याच दिवशी मी "वन्सं, चहा टाकू का?" म्हटलं तर तुम्ही म्हणालात, "वन्सं म्हणू नकोस गं, मीनल. नऊवारी नेसल्यासारखं वाटतं मला. ताई म्हण." मी दोन दिवस ताई म्हटलं. तिसऱ्या दिवशी तुम्हीच विचारलंत, "काय गं, रागावलीस का माझ्यावर? वन्सं म्हणेनाशी झालीस ती." तेव्हापासून तुमचं मला नीट कधी कळलं नाही, ते आजपर्यंत.

वरच्या खोलीत तुमचा वर्ग सुरू झाला तो आपोआप. नर्सिंग करून जर्मनीला निघालेल्या मुली, इंजिनिअरिंगची मुलं. ती व्याकरण शिकायची, परीक्षा द्यायची, जायची. पण तुमचा जीव रमायचा तो त्यांच्या आईवडिलांत. मुलगी तिकडे नोकरीला लागली की वर्षा-दोन वर्षांत आईबाप निघायचे भेटायला, आणि ते कुठे निघालेत हे त्यांना स्वतःला सांगता यायचं नाही. "ते काय तरी बर्ग हाय बघा," म्हणायचे. तुम्ही त्यांना बोलावून घ्यायचात. "भाषा राहू द्या. ज्या गावाला जायचं त्याचं नाव, जिथे गाडी बदलायची त्या स्टेशनाचं नाव, आणि लेकीच्या गल्लीचं नाव. एवढं तोंडात बसलं की निघा." फुकट शिकवायचात. वर चहा माझा.

आणि शिकवायचात ते आमच्याच मातीतून उचलून. जर्मनमधला झेड कसा म्हणायचा, तर, "चार मधला च नाही, चाऱ्यातला च." पाथर्डीहून आलेल्या एका बापाला त्याहून सोपं काय सांगणार? 'माइन्त्स' हे गाव त्याने पहिल्या झटक्यात म्हटलं होतं आणि तुम्ही टाळी वाजवली होतीत. "बघ मीनल, इंग्रजांना जन्मात जमत नाही ते आपल्याला घरबसल्या येतं." राहुरीचं एक जोडपं आलेलं आठवतं? मुलगा ल्यूनेबुर्कला होता. त्यातला तो ल्यू काही केल्या निघेना. तुम्ही त्या काकांच्या हातात आरसा दिलात. "तोंडात ई म्हणायचं, आणि ओठ मात्र शीळ घालायला करतो तसे करायचे." काकांनी ओठ केले आणि खरोखरच शीळ घातली. काकू पदरात तोंड घालून हसत बसल्या. "घरी कवा घातली न्हाई, आता म्हातारपनी घालत्यात," म्हणाल्या. तुम्हीही हसलात, आणि हसता हसता त्यांना पुन्हा आरसा दिलात.

मी तेव्हा दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. वाटलं, या बाईला मी घाबरत होते?

आपलं खरं भांडण तिथूनच सुरू झालं. मला हे सगळं जरा अतिच वाटायचं. समोरच्याला कळलं की झालं, असं माझं म्हणणं. भाजी निवडताना आपण यावर किती वाद घातला असेल. मी म्हणायचे, "प्रत्येक भाषेला आपल्या पद्धतीने नावं घ्यायचा हक्क आहे. आपण म्युनिक म्हणतो, कलोन म्हणतो, त्यात कमीपणा कसला? अहो, आपण जर्मनीला तरी कुठे डॉइचलांड म्हणतो?" त्यावर तुम्ही मेथीची जुडी पुढ्यात ओढलीत. ती संपेपर्यंत मान वर केली नाहीत. मला वाटलं, जिंकले. दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरत येऊन तुम्ही पहिलं वाक्य बोललात ते हे, "देशाला काहीही म्हण. तिकीट गावाचं काढतात."

मग आपल्याच गावाचं नाव बदललं. पाट्यांवर अहिल्यानगर आलं, एसटीचा कंडक्टर 'नगर, नगर' ओरडत राहिला, पत्ता लिहिताना मी दरवेळी थबकायला लागले. मी तुम्हाला म्हटलं, "आता सांगा, बरोबर नाव कुठलं?" तुमचं उत्तर ठरलेलं होतं. गावातली माणसं घेतात ते बरोबर. "कुठली माणसं?" मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "विचार करून सांगते." ते राहूनच गेलं. तुम्ही खरंच विचार करत होतात की मला टाळलंत?

नावांचं तुम्हाला एवढं वेड का, हेही कधी धड कळलं नाही. यांना तुम्ही सांगितलं होतंत की तरुणपणी व्युर्त्सबुर्कला एका कुटुंबात राहिलात, त्या घरच्या आजींनी लावलेली शिस्त ती. वर्गातल्या मुलींना सांगायचात की परक्या देशात माणूस आधी उच्चारावरून तोलला जातो. मी विचारलं तर म्हणालात, "काही नाही गं, कानाला बरं वाटतं." तिघांना तीन कारणं. यातलं खरं कुठलं, ते तुमच्याबरोबर गेलं. तिन्ही खरी असतील. एकही नसेल.

कानाला बरं वाटतं, म्हणालात. आणि कानांनीच दगा दिला.

ते कधी सुरू झालं ते मला नेमकं सांगता येणार नाही. वरच्या टीव्हीचा आवाज खाली स्वयंपाकघरात यायला लागला. खालून हाक मारली की तुम्ही उत्तर द्यायचात, पण भलत्याच प्रश्नाचं. मी "कोथिंबीर आहे का वर?" विचारावं आणि तुम्ही "हो, झाली अंघोळ," म्हणावं. हे एकदा म्हणाले, "ताई, कान दाखवून येऊ." तुम्ही त्यांना म्हणालात, "तुम्ही दोघं हल्ली पुटपुटायला लागला आहात." विषय संपला. दुसऱ्याच्या तोंडातला चाऱ्याचा च आणि चारचा च आयुष्यभर निवडणाऱ्या बाईला हे कसं सांगायचं, हे आम्हाला सुचलं नाही. तुम्हाला तरी स्वतःशी कबूल करणं सुचलं असतं का?

आणि नेमक्या त्याच दिवसांत कुसुमबाई आल्या.

शेवगावजवळच्या वस्तीवरच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, शेती थोरला गणेश बघतो. धाकटी सोनाली नर्स, तुमच्याच वर्गातली, जर्मनीत झीगन नावाच्या गावी दवाखान्यात लागलेली. तिला दिवस गेले होते आणि डॉक्टरांनी जपायला सांगितलं होतं. बाळंतपणाला आई हवी, म्हणून कुसुमबाई निघाल्या होत्या. विमानतळावर जावई घ्यायला येणारच होता, तरी सोनालीने फोनवर निक्षून सांगितलं होतं, "आई, आधी मॅडमकडं जा, गावाचं नाव शिकून घे."

तुम्ही त्यांना खिडकीपाशी बसवलंत. "आपण लिहिताना झीगन लिहितो, पण तो झाडातला झ नाही. जमीन म्हणा."

"जमीन."

"आता तोच ज धरून ठेवा, सोडू नका, आणि त्याला ई लावा."

कुसुमबाईंची जीभ घसरून जिवातल्या ज वर जात होती. माझीही जायची. पण तुम्ही सोडलं नाहीत. दुपार गेली, दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा आल्या, आणि शेवटी एकदा त्यांच्या तोंडून असा स्वच्छ झीगन निघाला की तुम्ही हाक मारून मला खालून वर बोलावलंत. "म्हणा परत, हिला ऐकू दे." त्यांनी म्हटलं. आणि मग त्यांना हसू आलं.

"मॅडम, हे गावाचं नाव हाय व्हय? आमच्यात दारू पिल्यावर मानसं झिंगत्यात!"

आपण तिघीही हसलो. पण त्या विनोदाने घात केला, असं मला वाटतं. त्यानंतर त्या म्हणतील तेव्हा मध्ये अनुस्वार यायला लागला. झिंगन. निघायच्या आदल्या आठवड्यात त्या शेवटच्या आल्या तेव्हा तुम्ही तीनदा म्हणून घेतलंत आणि तिन्ही वेळा मला झिंगनच ऐकू आलं. तुम्ही म्हणालात, "उत्तम."

मी म्हटलं, "वन्सं, अनुस्वार लागतोय."

"नाही लागत."

"लागतोय हो."

"मीनल, मला ऐकू येतं."

तुमचा तो आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. कुसुमबाई आपल्या दोघींकडे आळीपाळीने बघत होत्या. मी ट्रे उचलून खाली आले. जाताना जिन्यात त्यांना म्हणालेही, की मध्ये 'न' येऊ देऊ नका. "व्हय व्हय," म्हणाल्या, आणि त्यांची शेवगावची गाडी होती.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. निदान तुम्हाला माहीत होतं असं आपण दोघी धरून चाललो. कुसुमबाईंचं विमान सकाळी फ्रांकफुर्टला उतरलं. त्याच पहाटे सोनालीला अचानक दवाखान्यात हलवावं लागलं, म्हणून जावई विमानतळावर येऊ शकला नाही. त्याने घाईघाईने गणेशला कळवलं, की आईंना आगगाडीने यायला सांग. झीगन तिथून दोन-अडीच तासांवर. आपल्याकडे संध्याकाळ झाली आणि गणेशचा फोन आला. तुम्हाला नीट ऐकू येईना म्हणून तुम्ही फोन माझ्याकडे दिलात.

"मॅडम हायेत का? आई दुसऱ्याच गावाला गेली वो. पार खाली, त्या स्वित्झर्लंडच्या अंगाला."

"कुठल्या गावाला?"

"झिंगन."

मी फोन हातात धरून तुमच्याकडे वळले. तुमच्या भिंतीवर जर्मनीचा मोठा नकाशा होता. मला आवाज काढावाच लागला नाही, माझ्या ओठांवरूनच तुम्ही वाचलंत बहुतेक. उठून नकाशापाशी गेलात. एक बोट झीगनवर ठेवलंत. दुसरं खाली खाली सरकत गेलं आणि झिंगनवर थांबलं. नावात एका अनुस्वाराचा फरक, आणि मध्ये अर्धा देश. तुम्ही तशाच दोन बोटं नकाशावर ठेवून उभ्या राहिलात. मला वाटलं, आता माझ्याकडे वळून म्हणाल, तू सांगितलं होतंस. तुम्ही म्हणाला नाहीत. मीही म्हटलं नाही. ते वाक्य आपल्या दोघींच्या मध्ये तिथेच राहिलं, आणि नंतर दोन वर्षं आपण त्याला वळसा घालून घरात वावरलो.

कुसुमबाई रात्री उशिरा लेकीपर्यंत पोचल्या. त्यांची गाडी भलत्या दिशेने धावत होती तेव्हाच सोनाली बाळंत झाली होती. मुलगी झाली, दोघी सुखरूप. हे ऐकून मी देवापुढे साखर ठेवली. तुम्ही विचारलंत, "बाळंत होताना जवळ कोण होतं तिच्या?" मी म्हटलं, "नवरा होता ना." तुम्ही म्हणालात, "तिने आईला बोलावलं होतं."

त्यानंतर नकाशा खाली आला. मुलींना दुसरीकडे पाठवलंत. कुणाचे आईवडील आले तर मी खालूनच सांगायचे, मॅडमना बरं नसतं. कुसुमबाई तीन महिन्यांनी परत आल्या, आणि एके दिवशी तुम्ही कुणाला काही न सांगता एसटीने एकट्या शेवगावला जाऊन आलात. परत आल्यावर मी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि विचारलं, "काय म्हणाल्या?" तुम्ही म्हणालात, "बाळ गोड आहे. फोटो दाखवले." एवढंच. पुढच्या आठवड्यात यांच्याबरोबर जाऊन कानाचं मशीन घेऊन आलात, ते दोन दिवस लावलंत आणि कपाटात ठेवून दिलंत. म्हणालात, त्यातून सगळे आवाज येतात, आपल्याला हवा तेवढा येत नाही.

दवाखान्यात शेवटी तुम्ही डोळे मिटून पडला होतात. डॉक्टर म्हणाले, बोलत राहा, ऐकू जात असेल. मी वाकले आणि मग अडले. तुमचा बरा कान कुठला, डावा की उजवा? इतकी वर्षं एका घरात राहिलो आणि हे मला माहीत नव्हतं. तुम्ही सांगितलं नाहीत, कारण सांगायचं म्हणजे आधी कबूल करायला हवं होतं. मी एकदा या बाजूला गेले, एकदा त्या बाजूला. दोन्हीकडे तेच बोलले. काय बोलले ते इथे लिहीत नाही. ऐकलं असेल तर तुम्हाला माहीत आहे.

तर परवा कुसुमबाई आल्या. तुम्ही गेल्याचं त्यांना उशिरा कळलं. पिशवीत हुलगे आणले होते, घरचे. वर जाऊन तुमच्या फोटोला नमस्कार केला, आणि खाली येऊन माझ्यासमोर बसल्या. बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "लई चांगल्या हुत्या बाई. माझ्यामुळं त्यांनी शिकवायचं सोडलं म्हनत्यात. खरं हाय का?"

मी म्हटलं, "तुमच्यामुळे नाही. त्यांना वाटलं, त्यांच्या कानाने चूक केली. तुम्ही तिकीट काढताना झिंगन म्हणालात ना."

कुसुमबाईंनी पदराचं टोक सोडलं. "म्या कुठं म्हनलं?"

"म्हणजे?"

"तिकिटाच्या खिडकीवर म्या तोंडच उघडलं न्हाई. गणेशनं मोबाईलवर गावाचं नाव धाडलं हुतं. म्हनला, आई, तू बोलू नको, निस्तं दाखव. म्या दाखवलं. त्या पोरीनं तिकीट दिलं."

मी तिथल्या तिथे गणेशला फोन लावला. तू काय लिहिलं होतंस? जावयाने सांगितलेलं लिहिलंस, आई घरात म्हणायची ते लिहिलंस, की मोबाईलनेच दोन अक्षरं लिहिल्यावर पुढचं सुचवलं? तो म्हणाला, "मावशी, आता आठवत न्हाई वो. घाईत हुतो. घरात सगळी झिंगनच म्हनायचो आमी, चेष्टेनं. तसंच लिवलं गेलं आसंल. नायतर मोबाईलनं केलं आसंल." म्हणजे पुन्हा तेच. ते झिंगन कुसुमबाईंच्या तोंडून तुमच्या समोरून गेलं आणि घरी जाऊन गणेशच्या बोटात उतरलं, असंही असेल. नसेलही. हे कोण सांगणार आता?

मी कुसुमबाईंना विचारलं, "मग वन्सं शेवगावला आल्या होत्या, तेव्हा हे सांगितलं का नाहीत?"

"सांगनार हुते की. पर त्या आल्या त्याच माझं हात धरून रडाया लागल्या. माझी चूक झाली, माझे कान गेलेत, तुमची लेक एकटी पडली, आसं म्हनल्या. बाई, म्या शिकवनाऱ्या मानसाला रडताना जल्मात बघितलं नव्हतं. मला काई सुदरंना. म्हनलं, आता मोबाईलचं काडलं तर म्हनतील, पोराची चूक झाकाया आली. म्हनून फोटू दाखवलं."

तुम्ही रडलात. माझ्यासमोर कधी रडला नाहीत. शेवगावला जाऊन रडलात, आणि घरी येऊन मला सांगितलंत, बाळ गोड आहे.

आणि एवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं. मी आपली उगीच विचारायला म्हणून विचारलं, की मग त्या झिंगनहून तुम्ही परत कशा आलात. त्यावर त्या जरा सावरून बसल्या, जणू हे कुणी तरी विचारण्याचीच त्या वाट बघत होत्या.

"गाडीतून उतरले. मोबाईल मेलेला. मला वाटलं, आलं लेकीचं गाव. बाकड्यावर बसून राह्यले. कुनीच घ्याया येईना. मंग खिडकीवर गेले, म्हनलं, झिंगन. त्या बाईनं खाली बोट दावलं. म्हंजी ह्येच. म्या म्हनलं, न्हाई न्हाई, झिंगन. तिनं परत खाली दावलं. मला रडूच आलं. मंग म्या डोळं मिटलं. म्हनलं, मॅडमनी काय सांगितलं हुतं? जमीन म्हना. म्हनलं, जमीन. ती बाई बघाया लागली, हिला काय झालं. मंग म्या त्यो ज तसाच धरला, न्हाई सोडला, आनि म्हनलं."

"आणि?"

"ती हसली की वो! 'आ!' म्हनली, आनि तीच परत म्हनली, माझ्यासारकंच. टकटक टकटक तिकीट काडलं. जावयाचा नंबर पिशवीत कागदावर हुता, त्याला तिनंच फोन लावला. मला गाडीत बसवून दिलं."

वन्सं, मी काय करू या माहितीचं? दोन वर्षं तुम्ही वर बसून राहिलात, नकाशा गुंडाळून, आणि तिकडे एका स्टेशनवर तुमचा ज एका परक्या बाईला एका झटक्यात कळला होता. हे तुम्हाला कळायला हवं होतं. पण तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात? "बघ, मला ऐकू येत होतं," म्हणाला असतात का? ते तर खरं नव्हतं. तुमचे कान गेलेच होते, त्या दिवशी अनुस्वार लागतच होता, मी ऐकला आहे. तुम्ही चुकलात आणि तुम्ही चुकला नाहीत. कळलं की झालं, हे माझं म्हणणं खोटं पडलं. का खरं ठरलं, तेही समजत नाही. म्हणूनच म्हणते, भांडायचं आहे, आणि मला माझी बाजूच सापडत नाहीये.

कधी वाटतं, कुसुमबाईंनी मला हे सांगितलं नसतं तर बरं. लगेच वाटतं, नाही, निदान एका माणसाला तरी हे माहीत असायला हवं. तुम्ही गेल्यापासून मला जे रडू येत नव्हतं ते कुसुमबाई 'आ!' म्हणाल्या तेव्हा आलं, आणि त्यात हसूही होतं. तुम्ही असतात तर त्या जर्मन बाईचा 'आ' लांब होता की आखूड, हेसुद्धा विचारलं असतंत.

कुसुमबाईंना पाचची एसटी गाठायची होती. त्या उठल्या, फाटकापर्यंत गेल्या, चपला घातल्या. मी त्यांच्या मागोमाग गेले आणि एकदम म्हटलं, "कुसुमबाई, एकदा म्हणून दाखवता का?"

"काय?"

"ते गाव."

त्या लाजल्या. रस्त्यावर इकडेतिकडे पाहिलं. मग पिशवी खाली ठेवली, डोळे मिटले, पुटपुटत जमीन म्हणाल्या, श्वास घेतला आणि म्हणाल्या. डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. "बराबर हाय का, बाई?"

अनुस्वार नव्हता, एवढं मी शपथेवर सांगेन. पण ज जमिनीतला राहिला होता की वाटेत कुठे घसरला, ई पुरेशी लांब होती की नाही, शेवटचा न जर्मन लोक म्हणतात तसा तोंडातल्या तोंडात विरला की नाही, ते मला कळेना. मला ते कधीच कळत नव्हतं. कळणारं माणूस आमच्या घरात एकच होतं.

त्या उत्तराची वाट बघत उभ्या होत्या. मी म्हटलं, "हो. अगदी बरोबर."

त्या समाधानाने गेल्या. वन्सं, बरोबर होतं ना?